यूपीएसऐवजी माईक

सिस्टर,

आठ दिवसांपूर्वी नदीवर तुमच्या दहाव्याला डोंगरातली सोनाबाई मला एक गोष्ट बोलून गेली आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. दुकानात कशासाठी उठलो ते उभं राहिल्यावर विसरतो. परवा एका गिऱ्हाइकाचा टेप उघडला, स्क्रू वाटीत काढून ठेवले आणि तसाच बसून राहिलो. तो माणूस म्हणाला, "काय राव, बिघाड सापडंना का?" म्हटलं, "न्हाई सापडत."

सोनाबाई काय बोलली ते सांगतोच. पण त्याआधी मला एकदा सगळं ओळीने आठवून बघायचंय. आपण काय ठरवलं होतं, आणि ते नक्की ठरवलं कुणी? हल्ली मला ते दर वेळी वेगळं आठवतं.

घोडेगावच्या माझ्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात तुम्ही पहिल्यांदा आलात, तेव्हा तुमच्या पिशवीतल्या टेपरेकॉर्डरने एक कॅसेट गिळली होती. तुम्ही म्हणालात, "यंत्र मेलं तरी चालंल. फीत वाचव." मी फीत सोडवली, पेन्सिलीने गुंडाळली आणि लावून पाहिली. आधी नुसती खरखर. तिच्यापलीकडे, लांब कुठेतरी, बायका गात होत्या. मला एक शब्द कळला नाही. तुम्ही मात्र मान डोलवत होतात.

तुम्ही मूळच्या लोणी गावच्या, पण डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आरोग्य उपकेंद्रावर तीस वर्षं नर्स होतात. जात्यावर, भाताच्या आवणीला, बाळंतिणीच्या उशाशी बायका जे गायच्या ते तुम्ही ऐकत आलात आणि नोकरी संपता संपता त्या डबड्यावर उतरवून घ्यायला लागलात. "म्हाताऱ्या एकेक करून चालल्यात, धना," तुम्ही म्हणालात. "नीट रेकॉर्डिंग करायचं तर काय काय लागतं?"

हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणून मी कैक वर्षं थांबलो होतो. आपल्या भागातली भजनी मंडळं कॅसेट काढायला पुण्याला जात. तमाशावाले जाहिरातीचा आवाज भरून आणायला जात. इथेच एक छोटा स्टुडिओ काढला तर? आणि आता तर कॉम्प्युटरवर सगळं होतं, ती मोठी टेपची मशीनं लागत नाहीत, असं मी तुम्हाला तासभर सांगितलं. तुम्ही शेवटी एवढंच विचारलंत, "खोली कुठंय?"

खोली दुकानामागे होती. तुमच्या फंडातले थोडे आणि माझी मोटरसायकल विकून आलेले थोडे, एवढ्यात सगळं बसवायचं होतं. मी वहीच्या दोन्ही बाजू भरून यादी केली. तुम्ही चष्मा लावून एकेका वस्तूवर बोट ठेवलंत आणि दर वेळी तोच प्रश्न केलात, "हे नसलं तर काय अडतं?"

सोळा चॅनेलच्या मिक्सरवर बोट आलं. "एका टायमाला किती जण गाणार आपल्याकडं?"

"चार. फार तर पाच."

"मग बाकीच्या भोकांत काय घालायचं?"

सोळाचा मिक्सर गेला, सहाचा आला. मोठे स्पीकर गेले, त्याऐवजी एक चांगला हेडफोन आला. कॉम्प्युटर मंचरच्या एका ओळखीच्याने जोडून दिला आणि आवाज आत घ्यायचं कार्ड मात्र साधं न घेता जरा बरं घेतलं, कारण साध्या कार्डातली सुरसुर तुम्हाला ऐकू आली. मला आली नव्हती. तुम्ही म्हणालात, "बाईच्या पोटाला नळी लावून बाळाचे ठोके मोजलेत मी, बाहेर पोरं बोंबलत असताना. मला नको सांगू काय ऐकू येतं आन् काय न्हाई."

खोलीचं कामही तुमचंच. भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्या दुकानासमोरून हॉर्न मारत जायच्या. पुण्याचा दुकानदार भिंतीला लावायचा स्पंज दाखवत होता, त्याची किंमत ऐकून आपण दोघं चहा न पिता बाहेर पडलो. मग तुम्ही लोणीहून बहिणीच्या घरच्या जुन्या गोधड्या आणल्या. मी रिकामी पोती आणली. आधी पोती, वर गोधड्या, असं चारी भिंतींना ठोकलं. तुम्ही मधोमध उभं राहून टाळी वाजवलीत आणि म्हणालात, "आता आवाज माघारी येत न्हाई."

सगळं जोडून झालं तर हेडफोनमध्ये एक सारखी घूं. मी केबल बदलल्या, प्लग उलटे केले, दोन दिवस घालवले. तुम्ही ऐकून म्हणालात, "भुंगा घुमतोय. जमिनीत काहीतरी चुकलंय." मी हसलो, पण चूक तिथेच होती. अर्थिंग खराब होतं. मागच्या अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, वरून तुम्ही घागरभर पाणी ओतलंत, आणि भुंगा गेला.

इथपर्यंत मला सगळं स्पष्ट आठवतं. गोंधळ पुढे आहे.

यादीत शेवटी तीन वस्तू उरल्या होत्या आणि पैसे दीड वस्तूचे. एक मोठा कंडेन्सर माईक, बारीकसा श्वासही पकडणारा. दुसरा यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारा आणि वीज येताना बसणारा झटका अडवणारा डबा. तिसरा सीडी रायटर, रेकॉर्ड केलेलं सीडीवर उतरवून बाजूला ठेवायला. साधा माईक घेतला असता तर उरलेल्यात यूपीएस आणि रायटर दोन्ही आले असते. मोठा माईक घेतला तर बाकी काही नाही. आणि लोडशेडिंग तर तेव्हा आठ-आठ तासांचं होतं.

पुण्याला बुधवार पेठेतल्या माईकच्या दुकानात तुम्ही आधी स्पष्ट बोललात. "बाळंतपणाला निघाले की मी आधी कंदिलात रॉकेल बघायची. मग कात्री, मग बाकीचं. उजेड गेला तर कात्री घिऊन काय करशील?"

मी म्हणालो, "आवाजच नीट आला नाही तर जपून ठेवायचं काय, सिस्टर? खरखरच जपायची का? तुमच्या कॅसेटमध्ये काय ऐकू येतं ते आठवा."

हे मी बोललो ते मला पक्कं आठवतं. थोडं लागेल असंच बोललो. तुमचा चेहरा क्षणभर बदलला.

दुकानदाराने दोन्ही माईक लावून दाखवले. मोठ्याला स्वतःची वीज लागते, ती मिक्सरमधून वायरीने जाते, असं तो म्हणाला. "म्हंजे याला सलाईन लावायला लागतंय," तुम्ही म्हणालात आणि तो खो-खो हसला. मग तुम्ही हेडफोन घातलात, डोळे मिटलेत आणि मला बोलायला सांगितलंत. मी साध्या माईकवर एक ते दहा म्हटलं. मोठ्यावर एक ते दहा म्हटलं.

"पहिल्यात तू आकडे म्हणतोयस," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्यात तू भितोयस, ते ऐकू येतंय."

मग हेडफोन काढून तुम्ही म्हणालात, "घे बाबा, तुझं ते घे."

सिस्टर, हे वाक्य मी गेले आठ दिवस मनात शंभर वेळा लावून पाहिलं. कधी ते मनापासून म्हटल्यासारखं वाटतं, की तुम्हाला त्या माईकमधला आवाज पटला. कधी वाटतं, तुम्ही माझ्या हट्टापुढे हात टेकलेत. तुमचा तो सूर मला आठवत नाही. आवाजाचा धंदा करणारा मी, आणि नेमका तोच सूर मला आठवत नाही.

ठकूबाई आली ती त्यानंतर दोनेक महिन्यांनी. वरच्या वाडीतली सत्तरीची सुईण. डोंगरातली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची आणि निम्मी तुमच्या, असं तुम्ही सांगायचात. अडलेल्या बाईच्या पोटावरून हात फिरवत ती एक गाणं म्हणायची, तीन कडव्यांचं. ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. सून सोनाबाई तिला घेऊन दुपारच्या जीपने खाली आली. खोलीत गोधड्याच गोधड्या बघून ठकूबाई म्हणाली, "हितं कोन बाळंत व्हनार हाय?"

मी माईक तिच्या तोंडासमोर लावला. ती आपले हात बघत बसली. पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "मोकळ्या हातानं कसं म्हनू? हाताखाली पोट नगं का?"

मी कपाळाला हात लावला. वीज जायला पाऊण तास राहिला होता. आणि तुम्ही, साठीच्या सिस्टर, रिटायर बाई, चष्मा काढून ठेवलात आणि सतरंजीवर आडव्या झालात. "ये ठकू. माझं धर."

ठकूबाईने तुमच्या पोटावर दोन्ही हात ठेवले आणि ती गायला लागली. मी माईक खाली घेतला, दोघींच्या मध्ये. तिचा हात लुगड्यावर घासल्याचा आवाजही आला त्यात. दुसऱ्या कडव्याला एका बसने हॉर्न मारला आणि मी मनातल्या मनात शिवी दिली. एका दमात तिन्ही कडवी झाली. तो माईक नसता तर तो हात, तो श्वास आला नसता, हे मी आजही म्हणेन. हे म्हणताना माझी मान वर होते, आणि लगेच खालीही जाते.

कारण ते फक्त हार्डडिस्कवर होतं. मंचरला मित्राकडे रायटर होता. मी म्हणत राहिलो, उद्या जातो, परवा जातो, एवढा हॉर्न तेवढा काढतो आणि मग नेतो. तो हॉर्न काढण्यासाठी मी ते गाणं चाळीसेक वेळा तरी ऐकलं असेल. मधल्या काळात ठकूबाई वारली. सोनाबाईने निरोप पाठवला, सासूचा आवाज घरात हवाय, सीडी करून द्या. मी म्हटलं, या आठवड्यात देतो.

त्याच आठवड्यात एकदा गेलेली वीज आली ती जोरात आली. खोलीतून जळका वास आला. डिस्क घेऊन मी पुण्याला दोन ठिकाणी फिरलो. दोघांनीही नुसती मान हलवली.

तुम्हाला सांगायला आलो तेव्हा तुम्ही ज्वारी निवडत होतात. मी सगळं सांगितलं. तुम्ही सूप खाली ठेवलंत आणि विचारलंत, "जेवलास का?" मी नाही म्हणालो. तुम्ही वाढलंत. मी जेवलो. मला वाटत होतं, तुम्ही ओरडाल. कंदिलाचं काढाल. त्या दिवशी तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पंधरा दिवस तुम्ही फिरकला नाहीत. आलात त्या एक जुना यूपीएस रिक्षात घालून. "हा लाव," म्हणालात, आणि पुढच्या भजनी मंडळाची वेळ विचारलीत. त्यानंतर पाच वर्षं आपण त्या खोलीत काम केलं. तुमच्या कितीतरी बायका आल्या, गाऊन गेल्या, त्यांच्या सीड्या दोन-दोन प्रतींत तुमच्या कपाटात आहेत. पण ठकूबाईचं नाव मी तुमच्यासमोर पुन्हा काढलं नाही. वरच्या वाडीत कोण सांगणार, हेही विचारलं नाही. कुणीतरी सांगितलं असेल असं धरून चाललो. त्या वाडीचं माणूस रस्त्यात दिसलं तर मी दुकानात आत जायचो.

आणि आता तुम्ही लोणीला बहिणीकडे गेलात काय, सकाळी चहा मागितलात काय, आणि चहा येईपर्यंत संपलात काय.

दहाव्याला डोंगरातून दोन जीप भरून बायका आल्या. तुमच्या बहिणीला त्यातली एकही ओळखीची नव्हती. पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे ताटकळत होते, तेव्हा सोनाबाई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मी नजर चुकवत होतो. ती म्हणाली, "सिस्टरबाईच्या हातनं आमच्या सासूचं गानं पुसलं गेलं ना, तवा बाई लई रडली व्हती. सोता चालत आली वर. म्हनली, सोने, माझा हात लागला मशीनला आन् समदं गेलं. मला माफ कर."

मी काय करायला हवं होतं, सिस्टर? तिथेच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून "हं" एवढंच निघालं. तेवढ्यात कावळा शिवला, माणसं हलली, आणि मी त्या गर्दीत मागे झालो.

मला आधी राग आला. तुमचाच. माझं पाप तुम्ही मला न विचारता उचललंत. मी पाच वर्षं नजर चुकवत जगलो आणि तुम्ही ती चढण चढून कधीच माफी मागून आला होतात. मग वाटलं, मला वाचवलंत. नवा धंदा होता, बोभाटा झाला असता तर डोंगरातलं कुणी आलं नसतं. मग वाटलं, तसंही नसेल. तुम्हाला खरंच स्वतःची चूक वाटत असेल, "घे बाबा" म्हणाल्याची. यातलं कुठलं खरं? दिवसभर एक पटतं, संध्याकाळी दुसरं.

काल सकाळी जीपने वर गेलो. सोनाबाई अंगणात नाचणी वाळत घालत होती. मी बसलोही नाही. म्हटलं, "सोनाबाई, सिस्टर खोटं बोलल्या. त्यांनी मशीनला हात लावला नव्हता. यूपीएस नको, मोठा माईक घेऊ, हा हट्ट माझा. सीडी करायला आळस केला तोही मीच. गाणं माझ्यामुळं गेलं."

तिने नाचणीवरून हात फिरवणं थांबवलं नाही.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"ठावं हाय म्हणजे?"

"आवो, बाई कवाच त्या मशीनला शिवत न्हवती. ते धनाचं काम, म्हनायची. तिचा हात लागंल कसा? आन् तिला खोटं बोलाया येत न्हवतं. बोलताना निस्ती पदराला गाठी मारत व्हती."

"मग तुम्ही तेव्हा काही बोलला का नाहीत?"

आता तिने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तिनं आमच्या किती जनींचं काय काय झाकलं, तुमाला न्हाई ठावं. एक तिचं आमी झाकलं."

मी ओट्यावर बसलो. म्हणजे वाडीला माहीत होतं. तुम्ही समजत होतात की त्यांना माहीत नाही. आणि मला तर यातलं काहीच माहीत नव्हतं. सगळ्यांनी एकमेकांना सांभाळून घेतलं, आणि ज्याच्यासाठी सांभाळलं तो दुकानात लपून बसला होता.

सोनाबाईने काळा चहा दिला. मग म्हणाली, "तुमी लई येळा ऐकलं आसंल ना ते गानं? बाई सांगत व्हती, धना दीस दीस ऐकत बसतो. म्हना की. मला सुरवात येती, फुडचं न्हाई येत."

सिस्टर, चाळीस वेळा ऐकलेलं गाणं, आणि मला शब्द येत नाहीत. मी शब्द ऐकलेच नव्हते. मला हॉर्न कुठे येतो ते माहीत आहे. ठकूबाई श्वास कुठे घेते, तिची बांगडी कुठे वाजते, कुठल्या ओळीला मीटरची सुई लालवर जाते, सगळं माहीत आहे. ती काय म्हणत होती, ते नाही.

हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "श्वास तरी दावा."

मग ती गायला लागली आणि ठकूबाई जिथे थांबायची तिथे मी हात वर करत गेलो. सोनाबाई आधी तिथून घाईने पुढे जायची आणि अडखळायची. हात दिसला की थांबायची. आणि थांबलं की पुढचा शब्द यायचा. कसा यायचा कोण जाणे.

ये रं बाळा खाली, किती राहशी अंधारी
मामा तुझा आला, घोंगडी घिऊनी दारी

पहिलं कडवं उभं राहिलं. दुसरं हॉर्नपर्यंत आलं, अडलं, मग तेही आलं. पुढच्या बुधवारी ती खाली येणार आहे, ही दोन आपण भरून घेऊ. भरली की त्याच दिवशी सीडी करीन.

तिसरं आलं नाही. मी दोनदा, चारदा श्वास दाखवले. सोनाबाई डोळे मिटून बसली. नाहीच. ते कडवं इतर दोन्हींपेक्षा लांब होतं आणि ठकूबाईने ते आवाज बारीक करून, पार तुमच्या कानाशी वाकून म्हटलं होतं. तुम्हाला ते येत असणार. तुम्ही तिच्याखाली आडव्या होतात. पाच वर्षं आपण एका खोलीत बसलो, आणि मी तो विषय काढत नव्हतो म्हणून तुम्हाला शब्द विचारणं झालं नाही. तुम्ही तरी आपण होऊन का म्हणून दाखवलं नाहीत? मला लागेल म्हणून?

मी उठलो तेव्हा सोनाबाईने विचारलं, "काय तरी आठवा की भाऊ त्या कडव्यातलं. कायबी."

आठवत होतं ते मी सांगितलं. ते कडवं संपता संपता सिस्टर मोठ्याने हसल्या होत्या. ते हसू मी कापायला निघालो होतो, मग राहू दिलं.

"आस्सं?" ती म्हणाली. "आन् ती कशाला हसली आसंल?"

तिसऱ्या कडव्याचं आता एवढंच शिल्लक आहे, सिस्टर, की ते ऐकून तुम्हाला हसू आलं होतं.